पाडव्याचे धुके आणि चिमणी म्हैस

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षे नियमाने वाचत आले आहे, आणि खरे सांगायचे तर वाचता वाचता ते तपासतही आले आहे. सवय जात नाही. ‘जिन्यावर पावले वाजली’ — जिना लाकडी होता का? लाकूड थंडीने आकसते आणि वाजते. ‘दिवा आपोआप विझला’ — खिडकी उघडी होती की बंद, हे लिहिलेलेच नाही, गुण कापले. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईकडून याहून वेगळी अपेक्षा करू नये. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आज या वयातही नाही, आणि पुढचा मजकूर वाचून कुणाचा तो बसावा अशी माझी इच्छाही नाही.

परंतु एक उत्तरपत्रिका माझ्याच नावाची आहे, आणि ती काही केल्या तपासून संपत नाही. म्हणून ती आज आपल्यापुढे ठेवते.

प्रथम स्थळ, मग काळ, मग माणसे — या क्रमाने सांगते.

स्थळ कोल्हापूर. शहराच्या पश्चिम अंगाला रंकाळा, दक्षिणेला थोडे दूर कळंब्याचा तलाव, उत्तरेला पंचगंगेचे वळण. म्हणजे तिन्ही बाजूंनी पाणी आणि मध्ये आम्ही. काळ पन्नासच्या दशकाचा आरंभ. संस्थान विलीन होऊन फार दिवस झाले नव्हते आणि वडीलधारी माणसे अजून ‘आमच्या राज्यात’ असे म्हणत. मी रंकाळा वेशीजवळ दोन खोल्यांत राहत असे आणि मुलींच्या एका शाळेत भूगोल शिकवत असे.

शाळेच्या फाटकाशी सुविचाराचा एक काळा फळा होता. मुख्याध्यापिकाबाईंना विनंती करून दिवाळीच्या सुमाराला मी तो हवामानासाठी मागून घेतला. त्यावर ‘पुढील आठवड्याचे हवामान’ असे शीर्षक देऊन खाली तलावाकाठच्या पट्ट्याचा अंदाज लिहीत असे. कारण पावसाळा सरल्यानंतरचे, थंडी स्थिरावण्यापूर्वीचे जे थोडे आठवडे असतात, त्यांत तलावाकाठची हवा स्वतःच्या मर्जीने वागते. आकाश निवळलेले, वारा पडलेला. जमीन रात्रीतून भराभर निवते. तलाव मात्र पावसाळ्याआधीपासून साठवलेली ऊब सहजासहजी सोडत नाही. पहाटे काठावरची गार हवा घरंगळत त्या कोमट पाण्यावर उतरली की पाण्याची वाफ तिथल्या तिथे गोठल्यासारखी दिसू लागते. हेच ते धुके. उन्हे वर आली की ते विरते. यात गूढ काही नाही; सुंदर मात्र फार आहे. पाण्यावरून पिंजलेला कापूस सरकावा तसे ते येते आणि पाहता पाहता पलीकडचा काठ पुसून टाकते.

आता माणसे.

कोल्हापुरात दूध घ्यायची रीत निराळी. सकाळी चौकात म्हशी येतात, तुम्ही तांब्या घेऊन उभे राहायचे आणि तुमच्या डोळ्यांदेखत धार काढली जायची. आमच्या कोपऱ्यावर गौराक्काच्या म्हशी येत. गौराक्का चाळिशीची, आवाजाने खणखणीत. आमच्याकडे बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ असेच बोलतात. तिचे ते बोलणे सुधारण्याचा प्रयत्न मी पहिल्याच महिन्यात सोडून दिला होता. तिचा नवरा शिदू आदल्या वर्षी नवरात्राच्या आधी तापाचे निमित्त होऊन गेला. मागे गौराक्का, धाकटा दीर केरबा आणि तीन म्हशी. त्यांतली थोरली चिमणी.

डोंगराएवढ्या जनावराचे हे नाव कसे, असे मी एकदा विचारले होते. “आवं, जलमली तवा मुठीएवढी हुती,” गौराक्का म्हणाली. “सगळी म्हणली, जगत न्हाय. ह्यांनी कांबळ्यात गुंडाळून आमच्या दोघांच्या मदी निजवली बघा. सासू म्हणली, मूल झालं न्हाय म्हणून म्हशीला झोपीवतासा व्हय रं!”

शिदूला मी ओळखत होते ते दुधाच्या निमित्ताने. अबोल माणूस. पण त्याची हाक ऐकण्यासारखी होती. “चिमण्येऽऽ हो!” — पहिला सूर लांबवत न्यायचा आणि शेवटी गळ्यातच मोडायचा. रंकाळ्याच्या बांधावर एक रुंद दगड आहे. त्यावर तो विडी पेटवून बसे, चिमणीला पाण्यात सोडे, मनसोक्त पोहू देई आणि मग एकच हाक मारी. ती जिथे असेल तिथून वळून नाकासमोर दगडापाशी येई. मी वर्गात वाऱ्याच्या दिशा शिकवत असे, पण इतकी सरळ रेषा मला खडूने कधी काढता आली नाही.

शिदू गेला आणि चिमणी कुणाच्याच हाकेला येईनाशी झाली. श्रावणात ती व्याली, रेडकू झाले. रेडकाला पाजायची, पण माणसाचा हात लागला की पान्हा चोरायची. चौकात गिऱ्हाईक तांब्या घेऊन उभे आणि गौराक्का कासेशी बसून तिला चुचकारते आहे, गोंजारते आहे… आणि शेवटी रिकाम्या चरवीनिशी उठते आहे, हे दृश्य पाहवत नसे. अशी म्हैस घरी ठेवून कोण पोसणार? कुरुंदवाडचा एक पाहुणा तिला विकत घ्यायची म्हणून बघून गेला. ‘रेडकासकट नेतो’ म्हणाला. गौराक्काने त्याला पाडव्यापर्यंत थांबवले.

पाडव्यापर्यंतच का, तेही सांगायला हवे. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशींचा मान असतो. त्यांना धुऊन, शिंगे रंगवून, कवड्यांच्या माळा आणि मोरपिसांचे तुरे बांधून मिरवतात आणि शेवटी पळवतात. पळवणे म्हणजे दोरी धरून ओढणे नव्हे, की मागून काठी मारणेही नव्हे. मालकाने मोकळे पुढे पळायचे, हाक मारायची आणि म्हशीने आपण होऊन त्याच्या मागे धावायचे. गर्दी असते, ढोल असतात, तरी ती आपल्या माणसामागेच जाते. तेच तिचे मोठेपण, आणि त्याचेही. गौराक्काच्या घरातून वर्षभर दुखवट्यामुळे म्हैस निघाली नव्हती. यंदा निघणार होती. तिचा हिशेब सरळ होता: “पाडव्याला केरबाच्या मागं पळाली तर ऱ्हाईल. हाकंला आली म्हंजे धारंला बी येईल. न्हाय तर जाऊ दे कुरुंदवाडला. तितं तरी कुणाची हुईल.”

केरबाने यावर एक उपाय योजला. तो भावाची हाक शिकला. रोज संध्याकाळी गोठ्यापुढे उभा राहून तो “चिमण्येऽऽ हो!” घोकत असे, आणि शेवटी शेवटी ती इतकी हुबेहूब जमली की पहिल्यांदा ऐकताना मी शिदू कुठे दिसतो का म्हणून वळून पाहिले. चिमणी त्या हाकेला मान वर करी. कान टवकारी. चार पावले येई, केरबाला पाही, मग त्याच्या मागे पाही… आणि परत फिरे.

एकदा मी गेले तेव्हा गौराक्का चुलीपुढे दोन्ही कानांवर तळवे दाबून बसली होती. मला पाहून तिने हात काढले आणि बाहेर ओरडली, “केरबा, ल्येका, दुसरं कायतरी वरड की रं!”

“वैनी, दुसऱ्या हाकंला ती शेपूट बी हलवत न्हाय!”

“मग हलवू नगं म्हणावं!”

पाडव्याच्या आदल्या सकाळी चौकात माझ्या फळ्यावरच्या अंदाजाची चर्चा झाली. मी लिहिले होते: ‘पाडव्याच्या पहाटे दोन्ही तलावांवर दाट धुके. वारा शांत. उन्हे वर आल्यावर धुके निवळेल.’

“बाई, धुकं पडणारच म्हणतासा?” गौराक्काने विचारले.

“माझा अंदाज तसा आहे. म्हशी धुवायला उन्हे आल्यावर न्या.”

“उनं आल्यावर?” केरबा हसला. “मग शिंगं कवा रंगवायची? आन् मिरवणूक काय तुमच्या फळ्याला इचारून निघती व्हय, बाई?”

“म्हशीला काय धुक्याचं!” हे बाबूभाईंनी सांगितले. बाबूभाई शिंगे रंगवायचे, गोंडे-घुंगरू गुंफायचे काम करीत. त्यांच्या घरात ते आजोबांपासून चालत आले होते. “ती नाकानं चालती. डोळं माणसाला लागत्यात.”

धुके खरोखर पडते का, हे पाहण्याची मलाही उत्सुकता होती. म्हणून पाडव्याच्या पहाटे मी गौराक्काबरोबर निघाले. हातात पितळी तांब्या, तांब्यात शाळेचा थर्मामीटर. पुढे केरबा आणि म्हशी, मागे बाबूभाई रंगाचे डबे घेऊन, आणि तोंडाने अखंड सूचना चालू.

उजाडत होते. काठावर पोहोचलो तेव्हा पाण्यावर पातळ पांढरा थर होता, गुडघाभर. मी तांब्यात पाणी काढून तापमान पाहिले, मग हवेचे पाहिले. पाणी हवेपेक्षा बरेच उबदार होते. माझा अंदाज खरा ठरत होता, आणि त्या क्षणी मला त्याचा अभिमान वाटला हे लपवत नाही.

शिदूच्या दगडाकडे गौराक्का वर्षभर फिरकली नव्हती. म्हणून म्हशी अलीकडच्या उतारावरून पाण्यात घातल्या. दोन धाकट्या काठाशीच डुंबत राहिल्या. चिमणी मात्र पाणी लागताच आत निघाली.

“शेपूट कशाला धरतोस रं?” बाबूभाईंनी हटकले. “सोड तिला, यील हाकंला.”

“आन् न्हाय आली तर?” केरबा म्हणाला आणि चिमणीचे शेपूट मुठीत धरून तिच्यामागे पाण्यात उतरला. केरबा बेताचाच पोहणारा. पण शेपूट धरून पोहायला पोहणे यावे लागत नाही, असे आमच्याकडे सगळेच समजतात.

ती दोघे आत गेली, आणि धुके उभे राहिले. मला दुसरा शब्द सुचत नाही. निजलेले माणूस उठून बसावे तसे ते पाण्यावरून उठले आणि बघता बघता आमच्या डोक्यावर गेले. पलीकडचा काठ गेला, मग तलाव गेला, मग काठाशी डुंबणाऱ्या म्हशीही नुसत्या काळ्या डागांसारख्या उरल्या. मी अनेक धुकी पाहिली आहेत. इतके दाट, इतके शुभ्र धुके ना त्यापूर्वी पाहिले, ना नंतर. भीती वाटण्याआधी मला ते आवडले.

“केरबाऽ, फीर माघारी!” गौराक्का ओरडली.

आतून उत्तर आले ते हाकेचे. “चिमण्येऽऽ हो!”

शिदूची हाक. धुक्यात आवाजाची दिशा कळत नाही. ती हाक पाण्यावरून, मागच्या झाडांतून, आमच्या पायांखालून आल्यासारखी वाटली. गौराक्काने माझे मनगट धरले. पुन्हा हाक आली, या वेळी डावीकडून. मग उजवीकडून. मग लांबून.

“ह्यो फिरतोय कुठं कुठं?” बाबूभाई म्हणाले. त्यांचा आवाज आता थट्टेचा नव्हता.

“बाबूभाई, ती गोल फिरतीया!” केरबाचा आवाज फाटला होता. “वळतच न्हाय काठाला… माझं हात भरून आलं… चिमण्येऽऽ हो!”

तेव्हा माझ्या ध्यानात आले. हाक ज्या दिशेने येईल तिकडे जायचे, एवढेच त्या म्हशीला ठाऊक. शिदू नेहमी काठावरून बोलावी. केरबा तिच्या शेपटाला लोंबकळून, तिच्या मागून शिदूच्या आवाजात हाक मारत होता. ती बिचारी शिदूला शोधायला मागे वळत होती. ती वळली की केरबा पुन्हा तिच्या मागेच. जितके तो बोलावी तितकी ती गरगर फिरे आणि दोघे आत आत जात.

वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जावे म्हणून कमावलेला आवाज त्या दिवशी पहिल्यांदा कामी आला. “केरबा! हाक मारू नका! गप्प राहा! ती तुमच्या हाकेमुळे फिरते आहे!”

“मग काय करू?”

“काही करू नका. शेपूट सोडू नका. बोलू नका!”

आणि शांतता झाली.

गौराक्का चिमणीला बोलावू लागली, पण तिच्या हाकेला म्हैस कधी आलेलीच नव्हती. दोन हाका मारून ती थांबली. होडी जवळपास नव्हती. बाबूभाई धोतर खोचून पाण्यात उतरले आणि चार पावलांवर थांबले, कारण जायचे कुठे? आत एक माणूस होता, त्याचे हात सुटत चालले होते, आणि आमच्यासमोर नुसते पांढरे होते. बाबूभाईंनी काहीतरी करायचे म्हणून विडी पेटवली आणि ओढायची विसरून हातात धरून ठेवली. तिचा धूर दोऱ्यासारखा सरळ वर चालला होता. हे मी मुद्दाम सांगते आहे. वारा नव्हता. पान हलत नव्हते.

“बाई…” बाबूभाई हळूच म्हणाले, “तिकडं बघा.”

आमच्या डावीकडे, हाकेच्या अंतरावर, शिदूचा दगड होता. इतका वेळ तो धुक्यात बुडालेला होता. आता दिसत होता. आधी दगड दिसला, मग त्याच्यापुढचे थोडे पाणी, मग आणखी थोडे. धुके विरळ होत नव्हते. ते बाजूला होत होते. आई कंगव्याच्या टोकाने मुलीच्या केसांत भांग पाडते, तसा त्या दगडापासून आत, तलावाच्या पोटाकडे, एक सरळ भांग पडत गेला. बैलगाडी जाईल एवढा रुंद. दोन्ही बाजूंना धुक्याच्या भिंती जशाच्या तशा उभ्या, कडा स्वच्छ कापल्यासारख्या, आणि मधले पाणी गुळगुळीत, निळसर. त्यावर एकही तरंग नव्हता.

मी शिक्षिका आहे. नवलाच्या गोष्टीपुढे प्रथम निरीक्षण करावे असे मी मुलींना सांगत असे. पण त्या वेळी मी नुसती बघत उभी राहिले. एखादे अवघड काम निगुतीने करणारा हात पाहताना वाटते तसे मला वाटले. वाहवा म्हणावीशी वाटली.

भांगाच्या पार टोकाला एक काळा ठिपका आला. ठिपक्याला शिंगे फुटली. चिमणी इकडे तिकडे न बघता, मान वर करून, नाकासमोर सरळ येत होती. तिच्यामागे केरबाचे डोके होते.

आम्ही दगडाकडे धावलो. गौराक्का सगळ्यांत पुढे होती. चिमणी पाण्याबाहेर आली, तसा केरबा चिखलातच कोसळला. ओठ काळेनिळे, बोटे शेपटावरून उकलेनात. बाबूभाईंनी ती एकेक करून सोडवली आणि आपला कोट त्याच्यावर टाकला. “जित्ता हाय, जित्ता हाय,” ते स्वतःलाच सांगत होते. “आरं मर्दा, बोल की कायतरी!”

केरबाला बोलता येत नव्हते. दातांवर दात वाजत होते.

चिमणीने आमच्याकडे पाहिलेही नाही. ती दगडापाशी गेली. दगडावर कुणी नव्हते. तिने मान खाली घालून दगड हुंगला, मग नाक त्यावर टेकवले आणि तशीच उभी राहिली. आणि मग गौराक्काने माझा हात इतक्या जोराने दाबला की मी वळून पाहिले. चिमणीच्या सडांतून दूध ठिबकत होते. कुणी हात लावला नव्हता, रेडकू जवळ नव्हते. आधी थेंब, मग बारीक धार… शिदूच्या दगडाच्या पायाशी, ओल्या मातीत.

गौराक्काने ते थोडा वेळ तसेच पडू दिले. तेवढे जणू कुणाचे तरी होते. मग पदर खोचला आणि माझ्या हातातला तांब्या ओढला.

“बाई, तुमची ही कांडी धरा आदी!” असे म्हणून तिने थर्मामीटर माझ्या हातात कोंबला, तांब्यातले तलावाचे पाणी फेकले आणि चिमणीच्या कासेशी बसली. चिमणी हलली नाही. दुधाच्या धारा पितळेवर वाजू लागल्या. चिमणीच्या कासेखालचा तो आवाज आम्ही महिनोन्‌महिने ऐकला नव्हता. तांब्या फेसाने भरला तशी गौराक्का उठली, केरबाचे डोके मांडीवर घेतले आणि ते ऊन दूध त्याच्या तोंडाला लावले.

“पी. समदं पी. तुला दिलंय तिनं.”

त्याने पहिले घोट सांडले, मग गटागटा प्यायला. मी मागे वळून पाहिले तर भांग मिटला होता. कधी मिटला, ते आमच्यातल्या कुणालाच सांगता आले नाही.

दुपारी मिरवणुकीत चिमणी निघाली. शिंगे हिरवी-लाल, कपाळावर मोरपिसांचा तुरा. बाबूभाईंनी इतके मन लावून काम केले होते की गल्लीतल्या दुसऱ्या मालकांनी त्यांच्याशी भांडण काढले. कुरुंदवाडचा पाहुणाही येऊन उभा होता. अडचण एकच होती: ओरडून ओरडून केरबाचा गळा पार बसला होता. भावाची हाक तर सोडाच, त्याला स्वतःचे नावही नीट सांगता येत नव्हते.

“आता कसं रं?” गौराक्काने विचारले.

त्याने हाताने ‘बघू’ अशी खूण केली, पुढे गेला, वळला आणि तोंड उघडले. आवाज काय निघाला म्हणता… बिघडलेल्या मोटारीच्या भोंग्यासारखे काहीतरी घोगरे ‘ह्याऽऽक’! गर्दी खो खो हसली. आणि त्या हशातून वाट काढत, घुंगरू वाजवत, चिमणी त्याच्या मागे सुटली. ढोलांच्या, फटाक्यांच्या, माणसांच्या गदारोळात ती फक्त त्या घोगऱ्या आवाजामागे धावली. त्याच्या मागे कुणी आहे का, हे तिने या वेळी पाहिले नाही.

“पावणं,” बाबूभाई कुरुंदवाडकरांना म्हणाले, “चहा पिऊन जावा. म्हस ऱ्हायली.”

केरबाने पुन्हा कधी भावाची हाक मारली नाही. त्याची ती घोगरी हाकच पुढे त्या घरची हाक झाली.

आता माझे काम. शक्य ती सर्व स्पष्टीकरणे मी तपासली. चिमणी दगडापाशी गेली, यात नवल नाही. ती तिची जुनी वाट होती आणि हाक थांबल्यावर सवयीने तिने ती धरली असेल. पान्हा फुटला, त्यालाही जनावरांचे जाणकार कारण देतील. पण धुके? वारा असता तर विडीचा धूर वाकला असता. पाण्याखाली गार झरा असेल म्हणून मी दगडापासच्या पाण्याचे तापमान अनेकदा घेतले. ते इतर ठिकाणच्यासारखेच होते. कॉलेजातल्या एका पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना विचारले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “धुक्यात विरळ पट्टे पडतात, बाई.” मी विचारले, “सरळ पडतात का? आणि नेमके तिथेच, नेमके तेव्हाच?” त्यावर त्यांनी चहा मागवला. पुढे कित्येक वर्षे त्या दिवसांत मी पहाटे त्या काठावर जाऊन उभी राहिले. धुकी पुष्कळ आली. भांग पुन्हा पडला नाही.

तुम्ही म्हणाल, उत्तर सरळ आहे; शिदू आला होता. हेच मी एकदा भीत भीत गौराक्काजवळ बोलून पाहिले. ती धार काढत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

“त्यो न्हवता, बाई.”

“कशावरून?”

“आवं, त्यो आला असता तर चिमणीला वाट दाखीवली असती आन् मला येक हाक बी मारली नसती व्हय? असं करायचा न्हाय त्यो.”

“मग कोण होतं?”

“मला काय ठावं? शिकल्याली तुमी. तुमीच सांगा की.”

धुक्याचा धडा मी पुढे निवृत्त होईपर्यंत दरवर्षी शिकवला. फळ्यावर रंकाळा काढायचा, खडू आडवा धरून त्यावर धुके भरायचे आणि कारणे क्रमाने सांगायची: निरभ्र आकाश, शांत वारा, कोमट पाणी. सगळे सांगून झाले की मी बोटाने त्या खडूच्या धुक्यातून काठापासून आतपर्यंत एक सरळ रेघ पुसत असे.

कुणीतरी मुलगी हात वर करून विचारायचीच, “बाई, ते काय आहे?”

“हे परीक्षेला नाही,” मी म्हणत असे. “पण वहीत काढून ठेवा.”